पक्षाघाताच्या पेशंटसाठी हवेची गादी : थंडीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

पुनर्वसन केंद्रातून पेशंट घरी येतो तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर 'एअर बेड घ्यावा' एवढंच लिहिलेलं असतं. वापरायचा कसा, ते घरच्यांनीच शोधायचं. ही गादी बबलची, पंपवाली. दर दहा-बारा मिनिटांनी बबलच्या रांगा आलटून पालटून फुगतात नि बसतात, म्हणजे एकाच जागी भार राहून पडून पडून होणारे व्रण (बेडसोअर) टळावेत. वापर जळगावातला.

गादी जरूर घ्या. पण तिच्यामुळे कूस बदलणं सुटत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायचीच, तीही ३० अंशांत तिरपी, पाठीला उशी लावून. पूर्ण कुशीवर निजवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा.

गादी बाजेवर टाकू नका, झोळ पडतो. खाली पलंग आणि साधी पक्की गादी हवी. पंप पायथ्याला अडकवा. नळी मुरगळली तर अर्धे बबल फुगतच नाहीत. दाब हाताने तपासा : पेशंट उताणा असताना माकडहाडाच्या जागी हवेच्या गादीखाली तळहात सरकवायचा. हाड हाताला लागलं तर दाब वाढवा, मध्ये साधारण इंचभर हवा राहिली पाहिजे. बटण शेवटपर्यंत फिरवलं तर गादी दगडासारखी होते.

वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. आपल्याकडे रबरी कापड, त्यावर गोधडी, त्यावर चादर अशी चळत रचतात. मग हवेचा चढउतार अंगापर्यंत पोचतच नाही. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की प्लास्टिकमुळे पाठ घामाने भिजते, आणि ओली कातडी लवकर सोलवटते. चादर दुपारीही बदला, अंग टिपून घ्या, चोळू नका.

वीज गेली की गादी बसते. पंपाला वीज अगदी थोडी लागते, म्हणून तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच जोडा. इन्व्हर्टर नसेल तर नळ्या पंपातून काढून दुमडून घट्ट बांधा. हवा काही वेळ टिकते, पण आलटापालट थांबते, तेव्हा कूस लवकर बदला.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा. पांढरा पडला नाही तर ती व्रणाची सुरुवात आहे. तिथे तेल लावून मालिश करू नका, भोकाची गोल उशीही नको. त्या जागेवरचा भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

बबल फुटला तर साबणाचं पाणी लावून भोक शोधा आणि ठिगळ लावा. धुतल्यावर गादी सावलीतच वाळवा. धाब्यावर उन्हात टाकली की प्लास्टिक तडकतं.

गादीची कड मऊ असते, पेशंट तिथून घसरतो. बसवण्याआधी हवा उतरवा, तळपाय जमिनीला पूर्ण टेकू द्या. लुळा हात ओढून उठवलं तर खांदा निखळू शकतो.

पेशंट स्वतःहून कुशीवर वळू लागला की फिजिओथेरपिस्टला विचारून चांगल्या फोमच्या गादीवर या. हवेवर कोपर आणि पाय रोवता येत नाहीत, त्यामुळे स्वतः वळायची धडपडच मंदावते.