खणाचे जॅकेट आणि कापड पेठेतील एक जाणते दुकान

खणाचा पन्हा जेमतेम 30 ते 31 इंचांचा असतो. मुळात चोळीसाठी विणलेल्या या कापडातून कुर्ता किंवा लांब जॅकेट बेतायचे म्हटले की जोड द्यावाच लागतो, आणि तो कोठे दिला आहे यावरून शिवणाऱ्याची समज कळते. सांगलीच्या कापड पेठेत खणाचे तयार आणि मापाचे कपडे देणारे एक लहानसे दुकान आहे. तेथे शिवून घेतलेले जॅकेट हिवाळाभर वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण इतक्या जाणतेपणाने केलेले काम आपल्या भागात क्वचित पाहायला मिळते.

खणाचे काठ कापून टाकून मधल्या कापडाचा तेवढा उपयोग करण्याची पद्धत सर्रास दिसते. येथे मात्र पाठीच्या मध्यावर काठाला काठ भिडवून जोड दिला आहे, त्यामुळे तो जोड न वाटता पाठीवरचा उभा पट्टा वाटतो. खणावरील नक्षी ताण्यातील, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतील, जादा धाग्यांनी उमटते आणि म्हणून ती कापडाच्या लांबीच्या दिशेने ओळीने येते. हे ध्यानात ठेवून बाह्यासुद्धा उभ्या बेतल्या आहेत आणि बुट्ट्यांची ओळ खांद्यापासून मनगटापर्यंत कोठेही न मोडता उतरते. अस्तर मऊ सुती आहे, खिसे खोल आहेत, आणि काखेत पुढे उसवून सैल करता येईल एवढी माया ठेवलेली आहे.

हे कापड आता दूरवर पोहोचले आहे. मूळच्या विदिशाच्या वैशाली शडांगुळे यांनी जुलै 2021 मध्ये पॅरिसच्या हॉत कूत्युर (मापाने, हाताने शिवलेल्या उंची कपड्यांच्या) सप्ताहात आपले कपडे सादर केले आणि तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. त्यांच्या आधी डिझायनर राहुल मिश्रा जानेवारी 2020 मध्ये तेथे गेले होते. देशातील हातमागाची कापडे हा वैशाली यांच्या कामाचा पाया असून खणही त्यांनी आपल्या कामात आणला. पॅरिसमुळे खणाची प्रतिष्ठा वाढली असे मला वाटत नाही, कारण इरकली लुगड्यावर खणाची चोळी हा आपल्याकडील बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वेष आहे आणि ओटी आजही खण-नारळानेच भरली जाते. तरीही ज्या मुली खण फक्त देवीपुढे ठेवायचा समजत होत्या, त्या आता तो अंगावर घालू लागल्या आहेत, आणि याचे श्रेय अशा डिझायनरांना दिलेच पाहिजे.

दुकानाचा प्रामाणिकपणा मला सर्वांत मोलाचा वाटला. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डच्या हातमागाचा खण आणि यंत्रमागाचा कृत्रिम धाग्याचा खण असे दोन्ही प्रकार तेथे विकले जातात, परंतु त्यांची मांडणी वेगळी आहे आणि कोणता कोणता हे न विचारता सांगितले जाते. हातमागाच्या कापडाचे जॅकेट दुपटीहून महाग पडते. अंगावर घेतल्यावर त्याचा पोत आणि हलकेपणा जाणवतो, तेव्हा ती किंमत पटते. ज्यांना एखाद्या समारंभापुरतेच हवे आहे, त्यांनी यंत्रमागाचे घ्यावे, असा सल्ला दुकानदारांनी स्वतःच दिला.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी. कपड्याच्या आतील पट्टीवर दुकानाचे नाव आहे, परंतु कापड कोणत्या गावच्या मागावर विणले याचा उल्लेख नाही. दुकानदारांना ही माहिती आहे, तर विणकराच्या गावाचे नाव तेथे छापायला काहीच हरकत नसावी. गडद रंग पहिल्या धुण्यात थोडा जातो, म्हणून जॅकेट थंड पाण्यात वेगळे धुवावे आणि सावलीत वाळवावे. दिवाळीसाठी शिवून घ्यायचे असल्यास माप गणपतीच्या सुमारासच देऊन ठेवणे इष्ट, कारण दुकानात बेतणारे कारागीर एकच आहेत आणि ते घाईचे काम घेत नाहीत.