घराचं काम काढण्याआधी या स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलवा

पार्ल्यातला आमचा फ्लॅट १९७४ च्या इमारतीत आहे, तळमजला अधिक तीन, आम्ही दुसऱ्यावर. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे बाथरूम बदलायचं होतं आणि स्वयंपाकघर व हॉलमधली भिंत काढायची होती. कंत्राटदाराचं म्हणणं, "ताई, आतलं काम आहे, महापालिकेला कोण कळवतं?" मला ते पटेना. सोसायटीच्या सेक्रेटरींनी या मॅडमच्या ऑफिसचा नंबर दिला.

मॅडमनी आधी सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागवला. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना तो बंधनकारक आहे, तरी आमच्या कंत्राटदाराने त्याचं नावही काढलं नव्हतं. मग भिंतीची जाडी मोजली, वरच्या कोपऱ्यात थोडं प्लास्टर खरवडलं. नऊ इंची वीटकाम, वर बीम नाही, स्लॅब सरळ भिंतीवर टेकलेला. "ही लोड बेअरिंग आहे. वरचा मजला आणि गच्ची हिच्यावर उभी आहे. मी सही करणार नाही." फी बुडत असतानाही त्या एवढं स्पष्ट बोलल्या, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथेच.

परवानगी कशाला लागते, कशाला नाही, हेही त्यांनी नीट उलगडून सांगितलं. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३४२ नुसार प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ आणि ड्रेनेजचे पाइप बदलणं या किरकोळ दुरुस्त्यांसाठी आधी कळवावं लागत नाही. पण भार घेणारी भिंत काढणं, घराची लांबी-रुंदी-उंची बदलणं, नवा पोटमाळा घालणं यात बसत नाही. कंत्राटदाराच्या यादीत पोटमाळा होता! तो लगेच कटाप. बाथरूमही जागचं हलवायचं नाही, कारण हलवलं तर ते खालच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरावर येतं. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवायला लावलं आणि खालचं छत स्वतः जाऊन पाहिलं. फरशी त्यानंतरच बसली.

काम चालू असताना कुणीतरी तक्रार केली आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून ज्युनिअर इंजिनिअर आले. सासूबाई घाबरल्याच. मॅडमनी आधीच फाइल लावून ठेवली होती: आहे त्या घराचा नकाशा, कामाची यादी, सोसायटीचं संमतीपत्र, मलबा उचलल्याच्या पावत्या. साहेबांनी मापं घेतली, भिंतीचे फोटो काढले, चार प्रश्न विचारले आणि गेले. कलम ३५१ च्या, म्हणजे बेकायदा बांधकामाच्या, नोटिशीची भाषा झाली नाही, कुणाच्या हातावर काही ठेवावंही लागलं नाही.

भिंत राहिल्याने स्वयंपाकघर हॉलपासून वेगळंच राहिलं, पण दार रुंद न करताही मांडणी बदलून त्यांनी उजेड आत आणला. तक्रार एकच. साइटवरच्या प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे लागतात आणि ते आम्हाला पहिलं बिल आल्यावर कळलं. तुम्ही आधीच लेखी मागून घ्या.