खोका देवगडचा, आंबा कुठला?

2025च्या अक्षय्य तृतीयेला चार दिवस असताना, पुण्यात आमच्या घराजवळ रस्त्याच्या कडेला टेम्पो लावून बसलेल्या एका विक्रेत्याकडून मी ‘देवगड हापूस’ म्हणून दोन डझनांचा खोका 1,900 रुपयांना घेतला. खोक्यावर बागायतदाराचे नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक छापलेला होता, प्रत्येक आंब्यावर क्यूआर कोडचे गोल स्टिकर होते आणि विक्रेत्याने वरच्या थरातला एक आंबा कापून चाखायलाही दिला. तो आंबा अस्सल होता, हे मी आजही मान्य करतो.

फसगत खालच्या थरात होती. वरच्या आंब्यांची साल पातळ आणि गर केशरी होता. खालचे आंबे टोकाकडे निमुळते, जाड सालीचे, कापल्यावर फिकट पिवळे निघाले, आणि पूर्ण पिकूनही खोलीत वास म्हणून दरवळला नाही. पेंढा बाजूला केला तर तळाशी कन्नड वर्तमानपत्राचे पान अंथरलेले होते. रद्दी कुठूनही येऊ शकते, तेवढ्यावरून कोणाला चोर ठरवणे बरे नव्हे, म्हणून मी स्टिकर तपासायला बसलो. एकामागून एक कोड मोबाइलवर पाहिले, तेव्हा सगळ्यांचा कोड एकच असल्याचे दिसले; प्रत्येक वेळी ‘अस्सल देवगड हापूस’ एवढेच लिहिलेले तेच पान उघडत होते. असे स्टिकर कोणत्याही छापखान्यातून हवे तेवढे छापून घेता येतात, हे मला खरेदीच्या वेळी सुचायला हवे होते.

खोक्यावरच्या क्रमांकावर दूरध्वनी केला. बागायतदारांनी छायाचित्रे मागवून घेतली आणि शांतपणे सांगितले, “खोका माझाच आहे, आंबा माझा नाही.” आंबे खाऊन झाले की आपण खोका रद्दीत देतो, तेच रिकामे खोके गोळा करून त्यात बाहेरचा माल भरला जातो आणि बोल मात्र त्यांना लागतो. त्या हंगामात असा दूरध्वनी करणारा मी पहिला नव्हतो.

कर्नाटकातला हापूस वाईट असतो, असे मला म्हणायचे नाही. जात तीच, हवा-माती वेगळी. त्याच्या स्वतःच्या नावाने आणि रास्त भावाने कोणी दिला असता तर मी आनंदाने घेतला असता. परंतु हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील आंब्यापुरतेच आहे. 1999च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार खोटे मानांकन लावून माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मात्र आज या चौकात आणि उद्या दुसऱ्या चौकात उभ्या राहणाऱ्या टेम्पोवर गुन्हा सिद्ध करायचा कसा, हा प्रश्न बागायतदारांपुढे वर्षानुवर्षे आहे.

म्हणूनच देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025च्या हंगामापासून वेगळी वाट धरली. संस्थेच्या स्टिकरवरचा क्रमांक प्रत्येक आंब्यासाठी निराळा असतो आणि शेतकऱ्याला स्टिकर मिळतात ते त्याच्या झाडांच्या हिशेबाने, त्यामुळे बागेत पिकतो त्याहून जास्त आंबा त्याच्या नावावर खपवता येत नाही. ग्राहकाने स्टिकरचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर पाठवले की आंब्याची माहिती येते आणि स्टिकरच्या मागे दडलेला क्रमांक विचारला जातो. तो जुळला तरच आंबा खरा. माझ्या खोक्यातल्या आंब्यांवरच्या स्टिकरांमागे कोरा कागद होता. अर्थात ही सगळी व्यवस्था ग्राहकाने नखाने स्टिकर उचकटून पाहण्यावर उभी आहे, आणि आंब्याच्या वासाने वेडा झालेला माणूस तेवढा थांबतो का, याविषयी मला स्वानुभवावरून शंकाच आहे.

मी परत गेलो तेव्हा टेम्पो तिथे नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करण्याचा विचार केला, पण माझ्याकडे ना पावती होती, ना विक्रेत्याचे नाव. पैसेही मी रोखीने दिले होते. पन्नास रुपये सुटे नाहीत म्हणून घासाघीस करणाऱ्या मला पावती मागायचे मात्र सुचले नव्हते.

मे महिन्यात त्याच बागायतदारांकडून थेट दोन डझन आंबे मागवले. खोका उघडल्यावर वरच एक चिठ्ठी होती: “आंबे संपल्यावर खोका कृपया फाडून टाकावा.” आम्ही त्याचे चार तुकडे केले आणि मगच कचऱ्यात टाकले.