मुलांच्या तक्रारीची सरकारी सोय, मुंबई: 5 पैकी 2 स्टार

हॉटेलचा रिव्ह्यू टाकतो, मिक्सरचा टाकतो, तर म्हटलं हिचाही टाकूया. इथे गिऱ्हाईक आहे सहावीतली पोरगी, तिच्याकडे मोबाईल नाही म्हणून मी लिहितेय.

आमच्या भांडुपच्या चाळीत शेजारच्या वहिनींची मुलगी एका प्रायव्हेट शाळेत होती, शाळेचं नाव लिहीत नाही. वहिनींच्या मिस्टरांचा जॉब गेला, फी थकली, तर वहिनींनी ठरवलं की जूनपासून पालिकेच्या शाळेत घालायचं. शाळेचं म्हणणं, आधी सगळी थकबाकी भरा मग एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेऊन जा. म्हणजे फी नाही म्हणून शाळा सोडायची आणि शाळा सोडायला फी भरायची, बोला! वहिनी बिचाऱ्या चार वेळा जाऊन आल्या, चारही वेळा क्लार्कने खिडकीतूनच परत पाठवलं, मग माझ्याकडे आल्या, ताई तुम्ही चला ना, तुम्हाला बोलता येतं.

मला बोलता येतं हे खरं, पण बोलायचं कोणाशी ते कळायला तीन आठवडे गेले. पहिल्या ऑफिसात सांगितलं हे आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे जा. दुसऱ्या ऑफिसात साहेब मीटिंगला. परत गेलो तर साहेब होते पण त्यांनी पहिल्याच ऑफिसचा पत्ता लिहून दिला, वर म्हणाले, अहो बाई, शाळेशी गोडीने मिटवा ना, उगाच मुलीचं नुकसान होईल. आणि दर ठिकाणी पहिला प्रश्न काय, तर अर्जदार कोण? आई. तुम्ही कोण? शेजारीण. मग तुमचा काय संबंध? ज्या पोरीचा संबंध ती बाहेर बाकड्यावर बसून पारले-जी खातेय, तिला एकाही माणसाने आत बोलावून विचारलं नाही की बाळा तुला काय सांगायचंय. मला विचाराल तर अडीच स्टार इथेच गेले.

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी कामाचं लिहिते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये सरळ आहे, मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश अडवायचा नाही. हे मला कोणत्या साहेबांनी नाही सांगितलं, सांगितलं पालिकेच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी. आम्ही रडत गेलो तर त्या म्हणाल्या, एलसीचं नंतर बघू, पोरीला सोमवारपासून बसवा वर्गात, दोन वेण्या आणि पाण्याची बाटली एवढं आणा. त्या बाईंना पाचपैकी सहा.

पण एलसी तर हवीच होती, पुढे सगळीकडे मागतात. तर कायद्यात तक्रारीचा रस्ता असा आहे की आधी स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे पालिकेकडे, लेखी तक्रार, त्यांना निर्णयाला तीन महिने, पटलं नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. तीन महिने म्हणजे जूनची तक्रार गणपती होईपर्यंत. मोठ्या माणसाला तीन महिने काहीच नसतात हो, अकरा वर्षांच्या पोरीची सहामाही येते तोवर.

आयोगाबद्दल उगाच बोटं मोडणार नाही कारण आम्ही तिथपर्यंत पोचलोच नाही. कागदावर आयोग चांगला दणकट आहे, 2005 चा केंद्राचा कायदा, एक अध्यक्ष आणि सहा सदस्य, चौकशीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार, समन्स काढू शकतात, कागद मागवू शकतात, कोणी तक्रार केली नाही तरी स्वतःहून दखल घेऊ शकतात, हायकोर्टातही जाऊ शकतात. पण शेवटी सरकारला करायची ती शिफारस, हुकूम नाही. आणि मला खटकलं ते पुढचंच, अध्यक्ष कोण होणार हे सुचवते तीन जणांची समिती आणि त्या समितीचे प्रमुख असतात सरकारातलेच, मुलांचं खातं बघणारे मंत्री. म्हणजे मॅच खेळणाऱ्या टीमच्या कॅप्टननेच अंपायर आणायचा. अंपायर माणूस चांगला असेलही हो, मी कुठे नाही म्हणतेय, पण एलबीडब्ल्यू द्यायची वेळ आली की बोट वर जाताना जड होणारच ना.

कुणी म्हणेल सरकार कशाला मुलांच्या विरोधात जाईल. 2024 चंच बघा, फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित प्रायव्हेट शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के मोफत जागा द्यायची गरज नाही. मुंबईत एक किलोमीटरच्या आत शाळा नाही अशी जागा शोधून दाखवा! हा नियम जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केला, पण कोर्टात भांडले कोण तर पालक आणि संघटना, आपापली कामं सांभाळून. त्यासाठी पगार घेऊन बसलेला, सरकारलाच नोटीस काढताना हात न थरथरणारा एक माणूस नको का? मोठ्यांना खात्याने छळलं तर आपल्याकडे 1971 च्या कायद्यापासून लोकायुक्त आहेत. मुलांसाठी असा माणूस नॉर्वेने 1981 मध्ये नेमला, जगात पहिला. वेल्समध्ये मुलांच्या वसतिगृहांतल्या छळाचा चौकशी अहवाल 2000 साली आला आणि पुढच्याच वर्षी तिथे बाल आयुक्त बसला, त्याच्या निवडीत मुलांनासुद्धा सामील करून घेतलं होतं. आणि आमच्या पोरीला अर्जावर सही करायला पेनसुद्धा कोणी दिलं नाही. तिकडेही सगळं आलबेल नाही, नॉर्वेचा तो अधिकारी कुठल्या ऑफिसचा निर्णय फिरवू शकत नाही, पण खात्याला चारचौघांत विचारू शकतो आणि त्याला गप्प बस म्हणायला वर साहेब नसतो, मला तेवढं चालेल.

हेल्पलाइनचं मात्र वेगळं लिहायला हवं. 1098, दहा नऊ आठ, ही आपल्या मुंबईतच 1996 मध्ये सुरू झाली, देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, आणि 2023 पासून सरकार चालवतं. मी एकदाच फोन केलाय, कुर्ला स्टेशनला पुलाखाली एक सात-आठ वर्षांचं पोर एकटंच रडत होतं तेव्हा, रात्रीचे साडेदहा झालेले, फोन लगेच उचलला, बाईंनी शांतपणे सगळं विचारलं, माणसं येईस्तोवर त्याच्याजवळच थांबा म्हणाल्या, आणि माणसं आली. पाच स्टार. नंबर पाठ करून ठेवा, पोरांनाही करायला लावा. पण तो आगीचा बंब आहे, एलसी अडकली तर बंब बोलावून काय उपयोग.

तर मग आमची एलसी मिळाली कशी? माजी नगरसेवकाच्या एका फोनवर. वहिनींच्या दिरांचा मित्र त्या नगरसेवक भाऊंकडे गणपतीत मंडप घालतो, त्याने शब्द टाकला, भाऊंनी गाडीत बसल्या बसल्या फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शाळेचा शिपाई एलसी घेऊन घरी, वर थकबाकीचं नंतर बघू म्हणाला. इतके दिवस जो कायदा कोणाला सापडत नव्हता तो एका फोनमध्ये सापडला. वहिनी भाऊंना पेढे देऊन आल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण रात्री झोप लागेना, कारण आमच्याच चाळीत तळमजल्यावर अजून दोन पोरं आहेत आणि त्यांच्या घरात कोणाचाच मित्र मंडप घालत नाही.

पोरगी नव्या शाळेत रमलीय, खिचडी आवडते म्हणते, फक्त सोमवारची नाही. दोन स्टार देतेय तेसुद्धा मोठ्या बाई आणि दहा नऊ आठच्या बाईंमुळे, बाकीच्यांनी आपले समजू नयेत. आणि हो, एलसी मिळाली की लॅमिनेट करू नका, वहिनींनी केली, आता मागच्या बाजूला शिक्का मारून हवाय.