श्रीखंडासाठी जर्मन क्वार्क: कुठला डबा उचलायचा

जर्मनीत दह्यापासून चक्का करायच्या भानगडीत पडू नये. आल्डी, लिडल, रेवे, एडेका, कुठल्याही सुपरमार्केटात जा, दुधा-दह्याच्या फ्रीजमध्ये क्वार्क असतोच आणि तो म्हणजे जवळजवळ तयार चक्का. फक्त डबा नीट बघून उचलायचा.

सगळ्यात स्वस्त ‘मागरक्वार्क’. त्यात स्निग्धांश नावालाच. त्याचं श्रीखंड खडूसारखं कोरडं लागतं, मग केशर-वेलची कितीही घाला. हवा तो ४० टक्केवाला. हा आकडा मात्र फसवा आहे: पाणी वगळून जे उरतं त्यातले हे ४० टक्के. डब्याच्या पाठीवरच्या तक्त्यात १०० ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम स्निग्धांश दिसतो. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. २० टक्क्यांचा अगदीच अडलं तर. शेजारी ‘क्रॉयटरक्वार्क’ असतो, त्यात हिरवा पाला आणि बहुतेकदा लसूण. तो उकडलेल्या बटाट्याबरोबर उत्तम, पण पाडव्याच्या ताटात नको.

तयार चक्का म्हटलं तरी एक रात्र निथळायला हवाच. नाहीतर साखर पडली की पाणी सुटतं आणि श्रीखंडाचं पन्हं होतं. ५०० ग्रॅम क्वार्क सुती कापडात बांधून चाळणीत ठेवावा, खाली पातेलं, वर पाण्याने भरलेली वाटी, आणि सगळं फ्रीजमध्ये. कापड सॉफ्टनरमध्ये धुतलेलं नको. तो फुलांचा वास क्वार्कला लागतो आणि वेलचीलाही पुरून उरतो.

क्वार्क आपल्या चक्क्याइतका आंबट नसतो, त्यामुळे बरोबरीने साखर घातली तर गोडमिट्ट होतं. ५०० ग्रॅमच्या डब्याला २०० ग्रॅम पिठीसाखर पुरे. तिचं इथलं नाव ‘पुडरत्सुकर’. आंबटपणा कमी वाटला तर १० टक्के स्निग्धांशाचं घट्ट ग्रीक पद्धतीचं दही दोन चमचे. पुरणयंत्र नसेल तर स्टीलच्या बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीने घासून काढावं. हँड ब्लेंडर अजिबात लावू नये: गुठळ्या मोडतात हे खरं, पण घट्टपणाही मोडतो, आणि तो परत येत नाही.

केशर मसाल्यांच्या रॅकवर ०.१ ग्रॅमच्या पुडीत मिळतं. ते चमचाभर कोमट दुधातच खलावं, जास्त दूध म्हणजे पुन्हा पातळ. वेलचीची तयार पूड बिनवासाची निघते. तुर्की किंवा भारतीय दुकानातून अख्खी वेलची आणून कुटलेली बरी.

रविवारी दुकानं बंद असतात. सण रविवारी आला तर डबा शनिवारी आणून रात्री निथळत ठेवला की दुपारच्या जेवणाला श्रीखंड तयार.