संस्थेकडून तयार कुत्रा घ्यावा की घरीच शिकवावा? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

घरातल्या अपंग व्यक्तीसाठी सर्व्हिस डॉग, म्हणजे मदतीची कामं शिकलेला कुत्रा, आणायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो हाच. अमेरिकेत दोन्ही वाटा कायदेशीर आहेत. १९९० चा एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा कुत्रा कुणी शिकवला हे बघत नाही, अपंगत्वाशी संबंधित ठरावीक काम तो शिकलाय का, एवढंच बघतो. दुकानात दोनच प्रश्न विचारता येतात: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि तो कोणतं काम करायला शिकलाय. कागदपत्रं मागता येत नाहीत. म्हणूनच ऑनलाइन विकली जाणारी 'नोंदणी' आणि ओळखपत्रं मुळीच घेऊ नका. कायद्यापुढे त्यांना काडीची किंमत नाही.

दृष्टी नसलेल्या व्यक्तीसाठी माझं मत पक्कं आहे: संस्थाच. रस्ता लक्षात ठेवायचा असतो माणसाने. डावीकडे, उजवीकडे तोच सांगतो. पण 'फॉरवर्ड' म्हटल्यावर आवाज न करणारी इलेक्ट्रिक गाडी वळून येत असेल, तर कुत्र्याने हुकूम मोडून जागच्या जागी थांबायला हवं. डोक्याच्या उंचीवरची झाडाची फांदी पांढऱ्या काठीला लागत नाही. कुत्रा तिच्याखालून आरामात जाईल, तरी त्याने आपल्या माणसाचा विचार करून वळसा घ्यायला हवा. हे शिकवायला रोज रस्त्यावर उभं राहणारा अनुभवी ट्रेनर लागतो. न्यू जर्सीत मॉरिसटाउनला 'द सीइंग आय' ही १९२९ साली सुरू झालेली संस्था आहे. तिथे आधी ट्रेनर स्वतः कुत्र्याच्या जागी हार्नेसचं (कुत्र्याच्या अंगावरच्या, मूठ असलेल्या पट्ट्याचं) पुढचं टोक धरून तुमच्याबरोबर चालतो, तुमचा वेग आणि ओढ बघतो, आणि मग जोडी ठरते. पहिल्या कुत्र्यासाठी विद्यार्थ्याकडून १५० डॉलर घेतले जातात. बाकीचा खर्च देणग्यांतून भागतो.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी मात्र घरच्या शिकवणीचा पर्याय खरा आहे. फ्रिजच्या मुठीला दोरी बांधायची. कुत्र्याने ती नुसती तोंडात धरली तरी खाऊ, मग किंचित ओढली तर, मग दार उघडलं तरच. पडलेला फोन उचलून मांडीवर देणंही असंच तुकड्यातुकड्याने शिकवता येतं. अवघड भाग बाहेर असतो: हॉटेलात टेबलाखाली तासभर गप्प पडून राहणं, खाली पडलेल्या फ्राइजकडे न बघणं. यात कित्येक महिने जातात. शिवाय शिकत असलेल्या कुत्र्याला केंद्रीय कायदा प्रवेशाचा हक्क देत नाही, राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. ते आधी बघा.

खरा फरक मला दिसतो तो कुत्रा नापास झाल्यावर. चांगल्या संस्थांतही खास पैदास केलेली बरीच पिल्लं गळतात: एखादं फटाक्यांना घाबरतं, एखाद्याचे खुबे कमजोर निघतात. संस्था त्याला चांगलं घर शोधते आणि तुम्हाला दुसरा कुत्रा देते. घरी शिकवलेला दीड वर्षाचा कुत्रा गळला, तर तोवर तो घरचा झालेला असतो. त्याला ठेवायचं की द्यायचं, हा निर्णय आधीच थकलेल्या माणसावर येतो. म्हणून घरीच शिकवायचं असेल, तर पिल्लाऐवजी स्वभाव कळलेला, खुब्यांचा एक्स-रे झालेला मोठा कुत्रा घ्या आणि ट्रेनरची नियमित मदत घ्या.

संस्थेची अडचण म्हणजे वाट बघणं. १९७५ पासून काम करणारी 'कनाइन कंपॅनियन्स' कुत्रा विनामूल्य देते, पण अशा ठिकाणी वर्ष-दोन वर्षं सहज जातात. काही संस्था कुत्र्याची मालकी स्वतःकडेच ठेवतात, हेही विचारून घ्या.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा मायेने टेबलाखाली पोळीचा तुकडा सरकवला जातो. संस्थेचा असो वा घरचा, कुत्रा त्याने बिघडतोच. त्यांना पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगा.

आणि परदेशप्रवास. ब्रिटनला जाणाऱ्या विमानांत आणि जपानमध्ये कुत्रा मान्यताप्राप्त संस्थेचा असल्याचा पुरावा मागतात; तिथे घरी शिकवलेला कुत्रा अडतो. भारतात नेणार असाल, तर परतीचा विचार निघण्याआधी करा. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे आणि ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत परत येताना मायक्रोचिप आणि रेबीज लशीचा ठरावीक फॉर्म लागतो. अमेरिकेत दिलेल्या लशीचा फॉर्म निघण्यापूर्वीच पशुवैद्याकडून भरून घ्यावा लागतो.