फुकटातलं बुद्धिबळ: लिचेस, लुकास की स्किड?

गेल्या रविवारी शेजारच्या वहिनी लॅपटॉप काखेत मारूनच आल्या. सातवीतल्या लेकीने दादरच्या एका स्पर्धेत पाचातले दोन डाव जिंकले होते आणि क्लासच्या सरांनी "घरी इंजिन (चाली मोजणारा प्रोग्राम) लावून डाव तपासा" एवढं सांगून विषय संपवला होता. वहिनींनी इमानेइतबारे स्टॉकफिश उतरवून घेतलं, डबल क्लिक केलं, तर एक काळी खिडकी उघडली. आत एक ओळ आणि खाली लुकलुकणारा कर्सर.

"भाऊजी, ह्यात पट कुठाय?"

पट नसतोच त्यात. स्टॉकफिश म्हणजे नुसता मेंदू. २००८ पासून जगभरची हौशी आणि जाणकार मंडळी तो फुकट घडवताहेत, २०२० मध्ये त्याला न्यूरल नेटवर्क जोडलं गेलं, आणि आज साध्या मोबाइलवरचा स्टॉकफिशही जगज्जेत्याला हरवेल. पट, सोंगट्या, घड्याळ हे सगळं दुसऱ्या सॉफ्टवेअरने पुरवायचं. म्हणून "सगळ्यात तगडं कुठलं?" हा प्रश्न बाद. बहुतेकांच्या पोटात तोच मासा आहे. मी एवढंच बघतो: चूक झाली की सॉफ्टवेअर लगेच उत्तर तोंडावर फेकतं, की आधी तुम्हाला विचारतं?

लिचेस आणि चेस डॉट कॉम

सुरुवात लिचेसपासून केली. २०१० मध्ये एका फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेली ही साइट आज देणग्यांवर चालते. जाहिरात नाही, "प्रीमियम घ्या"चा तगादा नाही. वहिनींना हे खरं वाटेना, त्या पानभर फिरून 'पैसे भरा'चं बटण शोधत होत्या. मुलांसाठी किड मोड आहे. तो चालू केला की चॅट आणि निरोपानिरोपी बंद. तो आम्ही सगळ्यात आधी लावला.

मग तिच्या स्कोअरशीटवरून हरलेला एक डाव स्टडीत, म्हणजे लिचेसच्या डाव-वहीत, भरला. (चौदावी चाल तिने दोनदा लिहिली होती. पुढचं अक्षर बघता धीर तिथेच सुटला असावा.) ती काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती, ओपनिंग (डावाची सुरुवात) इटालियन. चौथ्या चालीला पांढऱ्याचा घोडा जी-५ वर आला, उंट आधीच सी-४ वर, दोघांचा डोळा एफ-७ च्या प्याद्यावर. तिने डी-५ ला प्यादं सारलं ते बरोबरच. पांढऱ्याने ते मारलं आणि तिने घोड्याने उलट मारलं. पुढच्याच चालीत पांढऱ्याने घोडा एफ-७ वर झोकून दिला आणि हिचा राजा भर रस्त्यात उघडा पडला. ह्या हल्ल्याचं नाव 'फ्राइड लिव्हर', म्हणजे तळलेली कलेजी. वहिनींनी नाक मुरडलं.

लिचेसचा ओपनिंग एक्स्प्लोरर इथे कामाला आला. एका बाजूला मास्टरांचे डाव, दुसऱ्या बाजूला आपल्यासारख्यांचे, तेही रेटिंगची, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याची, चाळणी लावून. मास्टर त्या जागी घोड्याने मारत नाहीत, दुसरा घोडा ए-५ वर नेऊन उंटाला हटकतात. खालच्या रेटिंगला मात्र घोड्याने मारणं सर्रास चालतं. "म्हणजे मी एकटीच नाही," पोरीचा चेहरा जरा खुलला. नंतर डावाचं कॉम्प्युटर विश्लेषण मागवलं आणि 'चुकांतून शिका' उघडलं. ह्यात चुकीच्या चालीपाशी पट थांबतो आणि तुम्हालाच बरी चाल शोधायला लावतो. उत्तर हवं तर मागा, पण आधी डोकं चालवा. माझ्या मते फुकटातली ही सगळ्यात मोलाची सोय.

चेस डॉट कॉमवर गर्दी जास्त, म्हणून अर्ध्या रात्रीही तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. बोलके बॉट (संगणकी प्रतिस्पर्धी) आहेत, मुलांना ते फार आवडतात. पण फुकट खात्यात रोजची कोडी मोजकी, संपूर्ण गेम रिव्ह्यू दिवसाला एकच, आणि जाहिराती. रिव्ह्यूही गोडबोल्या, शाबासकीची खैरात करणारा. मैत्रिणी तिथे असतील तर खेळायला जरूर जावं. अभ्यासासाठी मी तरी लिचेसच सांगेन.

दोन्हीकडच्या रेटिंगची एकमेकांशी तुलना मात्र करू नका. लिचेस नवख्याला १५०० पासून मोजायला घेतं, त्यामुळे तिथला आकडा सहसा फुगलेला दिसतो. फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) गणित तिसरंच, मार्च २०२४ पासून त्यांचं किमान रेटिंगच १४०० झालंय. सोसायटीच्या लिफ्टमध्ये पालक हे तिन्ही आकडे एकाच तागडीत टाकतात तेव्हा मी जिन्याने जातो.

नेट नसेल तर

वहिनींचा लॅपटॉप चार जीबी रॅमचा, आणि संध्याकाळी घरचं वायफाय मोठ्या लेकाच्या ताब्यात. अशा घराला लुकास चेस शोभतं. विंडोजवर चालतं, नेट लागत नाही, आणि आत दुबळ्यापासून राक्षसापर्यंत इंजिनांची अख्खी फौज. त्यातलं माया मला विशेष वाटतं. ते लिचेसवरच्या माणसांच्या डावांवरून शिकवलेलं आहे, म्हणून माणसासारखं चुकतं. कमी ताकदीवर लावलेला स्टॉकफिश दहा चाली देवासारखा खेळतो आणि अकराव्या चालीला वजीर फुकट देतो. त्याच्याशी खेळून मुलं माणसाशी खेळायला शिकत नाहीत.

लुकासमधला ट्यूटर तुम्ही कच्ची चाल केली की तिथल्या तिथे हटकतो आणि दोन्ही चाली पुढे कुठे जातात ते दाखवतो. सरावाला छान, पण सारखा चालू ठेवला तर मूल त्याच्या खोकल्याची वाट बघत बसतं. मेनू म्हणाल तर क्रॉफर्ड मार्केट: सगळं मिळतं, पण सापडेल तेव्हा. पहिला आठवडा मोठ्या माणसाने जवळ बसावं.

लोकलमध्ये गर्दीच्या वेळी रेंज रुसते, तेव्हा अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश. पट, स्टॉकफिश, ताकद कमीजास्त करायची सोय. बास. शिकवणं वगैरे नाही.

स्किड कुणी घ्यावं

स्किड व्हर्सेस पीसी म्हणजे डावांचं कपाट, बघून वाटतं की विंडोज ९८ परत आलं. पण लाखो डावांचा साठा पोटात घालूनही ते झटक्यात शोध देतं: अमुक खेळाडू पांढऱ्याने काय खेळतो, ह्या स्थितीतून किती डाव बरोबरीत सुटले. 'द वीक इन चेस' १९९४ पासून दर आठवड्याचे स्पर्धांचे डाव गोळा करतंय. त्यांच्या पीजीएन फाइली (डाव लिहून ठेवायचा मजकूर-साचा) फुकट मिळतात आणि ह्यात भरता येतात. तेच काम जरा देखण्या कपड्यांत हवं असेल, किंवा घरी मॅक असेल, तर एन क्रोआसाँ बघा. इंजिनही त्याच्या आतूनच उतरवता येतं. पण समोरच्याची तयारी करून जाण्याइतक्या स्पर्धा खेळत नसाल तर ही दोन्ही म्हणजे एका खोलीच्या घरात बारा खुर्च्यांचं डायनिंग टेबल. एन्डगेमच्या टेबलबेसचंही तसंच, म्हणजे मोजके मोहरे उरल्यावरच्या प्रत्येक स्थितीचं अचूक उत्तर देणाऱ्या साठ्याचं. पाच मोहऱ्यांपर्यंतचा सिझिजी नावाचा संच साधारण एक जीबीत बसतो, सात मोहऱ्यांचा १७ टेराबाइटांच्या आसपास जातो. लिचेसच्या विश्लेषण पटावर सात मोहरे उरले की तो आपोआप, फुकट दिसतो. मग घरी साठवायचा कशाला?

कुठलंही घ्या, ऑनलाइन डाव चालू असताना दुसऱ्या खिडकीत इंजिन उघडायचं नाही. खातं बंद होतं, आणि "ताईने सहज बघितलं" हे कुणी ऐकून घेत नाही. आणि डाव तपासताना, कुणाचं पारडं जड ते सांगणारी इंजिनाच्या आकड्यांची पट्टी आधी झाकायची (अधिक म्हणजे पांढरा पुढे). वहिनी +०.७ बघून "हरली का?" विचारत होत्या. २०२२ अखेरच्या आवृत्तीपासून स्टॉकफिशचा +१ म्हणजे एक प्यादं जास्त असा हिशेब राहिलेला नाही. त्याचा अर्थ इंजिनाविरुद्ध इंजिन खेळलं तर जिंकायची शक्यता निम्मी. सातवीतल्या दोन मुलींच्या डावात +०.७ म्हणजे अजून काहीच घडलेलं नाही.

तासाभराने लॅपटॉपवर लुकास चढलं, ब्राउझरमध्ये लिचेसचं खातं उघडलं, वहिनींच्या फोनवर ड्रॉइडफिश आलं. स्किड टाकलेलं नाही, तिला फिडे रेटिंग मिळाल्यावर बघू. ती काळी खिडकी मात्र पोरीने ठेवून घेतली. शाळेत मैत्रिणींना दाखवणार म्हणे, हॅकरसारखी दिसते.